हेड पोर्टिंगसाठी दुकान कसं निवडावं?

एकपिस्टन

नमस्कार मंडळी. माझी गाडी एक सिलिंडरची, एअर कूल्ड, दोन व्हॉल्व्हची, कार्ब्युरेटरवाली. इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) व्हॉल्व्ह ३६ मिमीचा, कॅमची लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्तीत जास्त उघडतो ते अंतर, ८.५ मिमी. सकाळी चालू केली की पहिल्या मिनिटात निळा धूर यायला लागला म्हणून हेड (सिलिंडरचं झाकण, यातच व्हॉल्व्ह बसतात) उतरवलं. व्हॉल्व्ह थोडा उघडून बोटांनी हलवला तर गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) चक्क खडखडतो. गाइड बदलायचे म्हणजे सीटही (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्या) कापाव्या लागणार. हेड दुकानात जाणारच आहे, तर पोर्टिंगही (हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून सुधारणं) करून घ्यावं असं मनात आहे.

रोजचं येणं-जाणं आणि सुट्टीत लांबचे पल्ले, मागे बायको आणि सामान. रेस करत नाही. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ओढ हवी, एवढीच अपेक्षा.

तीन दुकानांशी बोललो. पहिल्याने आरशासारख्या चकचकीत पोर्टचे फोटो पाठवले. संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आहे, तीस टक्के फ्लो (हवेचा प्रवाह) वाढवून देतो म्हणाला. दुसरा एकटा मिस्त्री आहे, फ्लो बेंच (हेडमधून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र) नाही, "हेड बघितल्याशिवाय काही बोलणार नाही" म्हणाला. तिसऱ्याकडे बेंच आहे, पण त्याने उलट मलाच इतकं विचारलं की माझी उत्तरं संपली. कॅम कोणता, सायलेन्सर कंपनीचा की बदललेला, किती आरपीएमला जास्त चालवता, पिस्टन किती ओव्हरसाइज. आता कळत नाही की कशावरून ठरवू.

लेथवाला

तिसरा. बाकीचं वाचायच्या आधीच मनात हे उत्तर आलं.

मी हेडचंच काम करतो, बरीच वर्षं. (तुमचं काम मागत नाही, निर्धास्त राहा.) पोर्ट हा कॅम, बोअर (सिलिंडरचा व्यास), सायलेन्सर आणि चालवणाऱ्याची सवय यांना जुळवून घडवायचा असतो. या चार गोष्टी न विचारता जो टक्केवारी सांगतो, त्याला तुमच्या इंजिनाबद्दल काहीच माहीत नाही. त्याचं मशीन कितीही चांगलं असो.

त्या तीस टक्क्यांबद्दल त्याला एकच विचारा: किती लिफ्टला? तुमचा व्हॉल्व्ह ८.५ मिमीच्या वर कधी उघडणारच नाही. त्याने बेंचवर ११ मिमी उघडून आकडा घेतला असेल तर तो खरा असूनही तुमच्या कामाचा नाही. व्हॉल्व्हच्या कडेभोवती हवा जायला जी फट असते तिचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले लिफ्ट. ३६ मिमीच्या व्हॉल्व्हला ९ मिमी लिफ्टला हे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या पूर्ण तोंडाएवढं होतं. तुम्ही त्याच्या अलीकडेच थांबता. म्हणजे तुमच्या हेडमध्ये सगळा खेळ सीट आणि तिच्या आसपासच्या बोटभर जागेत आहे. पोर्टचं बाहेरचं तोंड मोठं करून हाती काही लागणार नाही.

शिवाय व्हॉल्व्ह प्रत्येक फेरीत कमी लिफ्टमधून दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. कमाल लिफ्टला तो एकदाच पोचतो. म्हणून २, ३, ४ मिमीचे आकडे मागा. जो ते देत नाही त्याने ते मोजलेलेच नसतात.

ट्रॅकदिवस

सहमत, त्यात बेंचबद्दल थोडी भर. बेंचचा आकडा कोणत्या दाबाला घेतला ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा नाहीच. २८ इंच पाणी (दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) हा सर्वसाधारण दाब, पण लहान बेंच १० इंचावरही चालतात. फ्लो दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, त्यामुळे १० इंचाला १०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) देणारं हेड २८ इंचाला साधारण १६७ दाखवतं. हेड तेच! एकाचा आकडा १० वर आणि दुसऱ्याचा २८ वर ठेवून तुलना करणारे लोक मी पाहिलेत.

आणि दोन वेगवेगळ्या बेंचचे आकडे एकाच दाबाचे असले तरी शेजारी ठेवू नका. त्याच बेंचवर, त्याच दिवशी, काम करायच्या आधी आणि नंतर, एवढीच तुलना खरी. विचारायचे अजून दोन प्रश्न: हेडच्या खाली तुमच्याच बोअरचा सिलिंडर लावून मोजता का? आणि इनटेकच्या तोंडाशी काय लावता? बोअरची भिंत व्हॉल्व्हच्या एका बाजूला चिकटून असते आणि तिथली हवा अडवते. मोठ्या नळीवर मोजलं की ती अडचण गायब होते आणि आकडा फुगतो. तोंडाशी तुमचा मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर आणि हेड जोडणारी नळी) लावावा, नाहीतर निदान मातीची गोल कड करावी. धारदार कडेवरून हवा आत घेतली तर आकडा उगाच कमी येतो.

जुनीगाडी

चकचकीत पोर्टवरून माझं जुनं दुखणं वर आलं. सांगतोच, कोणाचे तरी कष्ट वाचतील.

दुकानाचं नाव घेत नाही. माझंही दोन व्हॉल्व्हचंच हेड. परत आलं तेव्हा मी इतका खूश होतो की घरच्यांना बोलावून दाखवलं. इनटेकमध्ये चेहरा दिसत होता. गाडी जोडली, चालू केली, आणि खालच्या आरपीएमला दमच नाही. सिग्नलवरून निघताना पूर्वी अर्ध्या क्लचवर हलणारी गाडी आता रेस केल्याशिवाय हलेना. वर, अगदी शेवटच्या टप्प्यात, थोडी जास्त पळायची हे खरं. पण त्या टप्प्यात मी महिन्यातून एकदा जात असेन.

कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बदलून बदलून दमलो. शेवटी मॅनिफोल्ड काढून टॉर्च मारला तर पोर्टच्या तळाशी, वळणाच्या अलीकडे, पेट्रोलचं छोटं डबकं साचलेलं. बोट घातलं तर ओलं. हवेचा वेग इतका पडला होता की पेट्रोल तिच्यासोबत उडत जायच्या ऐवजी भिंतीवरून ओघळत होतं.

लेथवाला

जुनीगाडी, तुमच्या हेडमध्ये दोन चुका एकत्र झाल्या. पोर्ट गरजेपेक्षा मोठा केला, त्यामुळे वेग पडला. आणि वर पॉलिश. इनटेक मी ६० ते ८० नंबरच्या खरखरीवर सोडतो. भिंत किंचित खरबरीत असली की पेट्रोलचा थर तिला धरून बसत नाही, पुन्हा हवेत मिसळतो. एक्झॉस्ट गुळगुळीत केला तर चालतो, तिथे कार्बन कमी धरतो. इनटेक आरशासारखा करणाऱ्या दुकानाला फोटो चांगले येतात एवढंच.

मोठं करणं सोपं असतं. काढलेलं ॲल्युमिनियम परत चिकटत नाही, भरायचं तर वेल्डिंग किंवा इपॉक्सी. म्हणून पोर्टचं आकारमान किती वाढवणार हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा. चांगला कारागीर व्हॉल्व्ह बंद करून पोर्ट उभा धरतो, वर भोकाची काच बसवतो, ब्युरेटने द्रव भरतो आणि सीसी लिहून ठेवतो. आकारमान थोडं वाढून फ्लो बराच वाढला तर डोकं वापरलंय. आकारमान खूप वाढून फ्लो थोडा वाढला तर फक्त ग्राइंडर चाललाय.

निळीरेघ

मला एक कळत नाही. पोर्टिंगवर एवढी चर्चा आणि सीटबद्दल कोणी बोलतच नाही. एकपिस्टनदादा, तुमचे गाइड बदलायचेत ना? मग दुकानाला पहिला प्रश्न क्रमाबद्दल विचारा. आधी गाइड, मग पोर्टचं घासकाम, आणि सीटची शेवटची कापणी सगळ्यात शेवटी. सीट कापायचं हत्यार गाइडच्या भोकातच टेकून फिरतं. जुन्या झिजलेल्या गाइडवर सीट कापली आणि नंतर नवा गाइड ठोकला, तर दोघांचा मध्य जुळायचाच नाही. आणि सीट आधी कापून मग सीटखालच्या पोकळीत ग्राइंडर घातला तर एकदा ना एकदा त्याचं घासायचं टोक सटकतं आणि सीटवर ओरखडा जातो.

हे मी भोगलंय. माझ्या हेडचं काम झाल्यावर एक्झॉस्टचं टॅपेट सारखं टाइट व्हायचं, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट मिटायची. सेट करायचे, ६०० किमीत पुन्हा टाइट. तिसऱ्यांदा झालं तेव्हा हेड उतरवून सीटला निळा रंग लावला, व्हॉल्व्ह टेकवून हलकेच दाबला आणि उचलून पाहिला. पूर्ण गोल रेघ उमटायला हवी होती. उमटली पाऊण, उरलेल्या पाव भागात व्हॉल्व्ह सीटला लागतच नव्हता. कडेला एका जागी जळून बारीकशी खाच पडायला सुरुवात झाली होती, नखाला लागत होती. पोर्टचं काम सुंदर होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवाटे हेडला देतो. जिथे टेकत नाही तिथे तो जळणारच.

लेथवाला

निळीरेघताई, हे मी आधीच लिहायला हवं होतं. माझ्या मते माणूस निवडताना सीटचं काम साठ पैशांचं आणि पोर्टचं चाळीस.

एकपिस्टन, तिन्ही दुकानांना विचारा: सीटला किती कोन देता? साधी चांगली कापणी तीन कोनांची असते. ४५ अंशांवर व्हॉल्व्ह टेकतो, वरच्या बाजूला ३० आणि खाली ६०, म्हणजे हवा ठेचकाळत नाही, वळत जाते. टेकायची पट्टी इनटेकला साधारण १ मिमी, एक्झॉस्टला थोडी जास्त रुंद, उष्णता जायला. सीटच्या खालचा गळा व्हॉल्व्हच्या ८५ ते ९० टक्के. तुमच्या ३६ ला तो ३०.६ ते ३२.४ मिमी येतो. याहून मोठा करू असं कोणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करून निघा. पट्टीखाली कोन कापायलाच जागा उरत नाही.

अजून एक. सीट कापली की व्हॉल्व्ह तेवढा वर सरकतो. ०.३ मिमी बसला तर स्प्रिंग ०.३ ने सैल झाली, तिच्याखाली तेवढीच शिम (पातळ चकती) घालावी लागते. "स्प्रिंगची बसवलेली उंची मोजून देता ना?" एवढं वाक्य फोनवर टाकून बघा. ज्याला कळतं तो लगेच मिलिमीटरमध्ये बोलायला लागतो.

वाटसरू_४५०

इथे सगळे जुन्या दोन व्हॉल्व्हच्या हेडबद्दल बोलताहेत, माझी डर्ट बाइक आहे, इनटेकला टायटॅनियम व्हॉल्व्ह. मलाही पोर्टिंग करायचंय. काही वेगळं विचारायला हवं का?

ट्रॅकदिवस

हो, फार वेगळं. "व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून देऊ" असं कोणी म्हणालं तर हेड उचला आणि घरी या. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर पातळ कठीण लेप असतो, पेस्टने तो निघतो आणि मग व्हॉल्व्ह भराभर आत बसत जातो. सीट यंत्रावर इतकी नेमकी कापलेली हवी की घासायची गरजच पडू नये. शिवाय इनटेकचं एक तोंड दोन व्हॉल्व्हमध्ये वाटलेलं असतं. दोन्ही बाजूंचा फ्लो वेगवेगळा मोजून जुळवला का, ते विचारा. मधली विभागणारी भिंत हाताने घासताना एका बाजूला झुकते, डोळ्याला कळतही नाही. अशा हेडना मी तरी सीएनसीवाल्याकडे जाईन, मात्र ज्याने तुमच्याच मॉडेलचं हेड आधी हाताने घडवून, मोजून, मग तो आकार मशीनमध्ये घातलाय त्याच्याकडे. मशीन दिलेल्या आकाराची नक्कल करतं. मूळ आकारच चुकीचा असेल तर चूकही प्रत्येक हेडवर तंतोतंत तीच उमटते.

दोनठोके

टू स्ट्रोकवाल्यांनी गोंधळू नये म्हणून: आपल्या हेडमध्ये पोर्ट नसतातच, ते सिलिंडरच्या भिंतीत असतात. तिथे एक मिलिमीटर वर घासलं की पोर्ट उघडायची वेळच बदलते. चार ठोक्यांच्या हेडमध्ये मुरलेला माणूस तुमच्या सिलिंडरला चालेलच असं नाही. वेगळं काम, वेगळं दुकान.

जुनीगाडी

दुसऱ्या दुकानाबद्दल, त्या एकट्या मिस्त्रीबद्दल, कोणीच बोललं नाही. बेंच नाही म्हणून त्याला बाद करू नका असं मला वाटतं. माझं बिघडलेलं हेड शेवटी अशाच एका म्हाताऱ्या कारागिराने सावरलं. त्याच्याकडे बेंच नव्हता. त्याने करंगळी पोर्टमध्ये घातली, डोळे मिटले, आणि आतल्या वळणावर बोट दोन-तीनदा फिरवलं. म्हणाला, "इथे कड सोडलीय त्याने. हवा इथून उडी मारते." मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. खरंच, वळण संपून सीटकडे जाताना एक पुसटशी धार होती. मी दहा वेळा टॉर्च मारून पाहिली होती आणि मला दिसली नव्हती.

लेथवाला

बरोबर आहे. बेंच ही फूटपट्टी आहे, घडवतं बोटच. हवा आतल्या छोट्या वळणावर भिंत सोडते, तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते वळण बोटाने वाचणारे लोक आहेत. इंग्लंडचे हॅरी वेस्लेक दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीपासून हवा मोजून हेड घडवत होते. पण मोजणारी यंत्रं गल्लोगल्ली नसतानाही चांगली हेडं होतच होती.

फक्त त्या मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. तुमच्याच मॉडेलची किती हेडं केली? त्यातलं एखादं बघायला मिळेल का, मालकाशी बोलता येईल का? आणि पोर्टची भिंत कुठे पातळ आहे? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. एअर कूल्ड हेडमध्ये पोर्टच्या शेजारून स्टडचं भोक किंवा तेलाची वाट जाते. ज्याने हेड खरंच केलंय तो क्षणात सांगेल, "इथे दोन मिलिमीटरच आहे, हात लावत नाही." भिंत फुटली तर काय करता, हेही विचारून ठेवा. वेल्डिंग केलं की हेड वाकतं, सीट सैल होऊ शकतात, पुन्हा फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणं) लागतं. आणि फेसिंगने हेड खाली आलं की कॉम्प्रेशन वाढतं, चेनवरच्या कॅमचं टायमिंगही थोडं मागे पडतं.

एकपिस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघांनाही पुन्हा फोन केले, प्रश्न कागदावर लिहून घेऊन.

पहिला: किती लिफ्टला तीस टक्के, विचारल्यावर म्हणाला "फुल लिफ्टला". माझ्या कॅमची लिफ्ट त्याला माहीतच नव्हती. कमी लिफ्टचे आकडे "लागत नाहीत" म्हणाला.

दुसरा मिस्त्री: पातळ भिंत कुठे ते पटकन सांगितलं, स्टडच्या बाजूला, अगदी लेथवाल्यांच्याच शब्दांत. दोन मालकांशी बोलायला दिलं, दोघंही समाधानी. पण सीट हाताच्या कटरने कापतो आणि मध्य जुळला का हे डायलवर मोजत नाही, "पेस्टने बसवून घेतो" म्हणाला.

तिसरा: क्रम विचारला तर मी बोलायच्या आधीच म्हणाला, गाइड, पोर्ट, सीट. गळा ३१ मिमी ठेवणार. आणि एक गोष्ट अशी सांगितली की मी चाटच पडलो. "तुमच्या वापराला पोर्ट मोठा करणार नाही. सीटखालची कास्टिंगची धार काढतो, आतलं वळण मोकळं करतो, गाइडचा पुढे आलेला भाग निमुळता करतो, बस्स. जास्त घासलं तर तुमची ओढ जाईल." म्हणजे कमी काम सुचवलं.

निळीरेघ

पाठवा तिकडेच. हेड सुटं पाठवू नका, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, मॅनिफोल्ड आणि नवी गॅसकेट सोबत द्या. व्हॉल्व्हवर खुणा करा.

एकपिस्टन

हेड परत आलं. कागद सोबत आहे, २८ इंचाला, आधी आणि नंतर, माझ्याच बोअरवर. ३ मिमीला ४६ चे ५३ सीएफएम, ८.५ मिमीला ११८ चे १३१. पोर्ट ६२ सीसीचा ६५ झाला. ट्रॅकदिवस, हे बरे आहेत ना?

ट्रॅकदिवस

फार चांगले. खालच्या लिफ्टला टक्केवारी जास्त वाढलीय, तुम्हाला हवं तेच. अंदाजाचं गणित सांगतो: २८ इंचाचे सीएफएम गुणिले ०.२५७ म्हणजे एका सिलिंडरला जास्तीत जास्त शक्य हॉर्सपॉवर. १३१ ला ते ३४ च्या आसपास येतं. तुमचा कॅम आणि सायलेन्सर तिथवर पोचू देणार नाहीत, म्हणजे हेड आता अडथळा राहिलेलं नाही.

लेथवाला

जोडायच्या आधी घरीच एक करा. व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवून, प्लग लावून हेड उलटं ठेवा, चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि चहा पिऊन या. मग पोर्टमध्ये कोरडं बोट फिरवा.

एकपिस्टन

केलं. चहा नाही, पूर्ण रात्र ठेवलं. सकाळी दोन्ही पोर्ट कोरडे. धूर बंद. मेन जेट एक नंबर वाढवावा लागला, प्लग आता विटकरी रंगाचा येतो. काल बायको आणि सामान घेऊन नेहमीच्या चढावर गेलो. जिथे दर वेळी तिसरा टाकायचो तिथे चौथ्यातच वर आलो. २२० किमी झालेत, ५०० ला टॅपेट तपासून आकडे इथेच लिहितो.